हुमायूनच्या बागेतले सलगम

एप्रिल १९०५ मधली गोष्ट. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी आपल्या पत्नीला एक पत्र लिहिले. साहेब भलतेच संतापले होते. ते वर्ष बंगालच्या फाळणीचे, पण या पत्रातला राग होता सलगमांवरचा. दिल्लीतल्या हुमायूनच्या मकबऱ्याभोवतीची बाग त्यांनी चार वर्षे खपून नीट करवून घेतली होती. बुजलेले पाट खणून काढले होते. आदल्या उन्हाळ्यात ते विलायतेला गेले आणि परत येऊन पाहतात तो बाग कुणा देशी माणसाला कसायला दिलेली, आणि त्याने तिथे चक्क सलगम लावलेले! ज्या डेप्युटी कमिशनरच्या ढिलाईने हे घडले त्याची आता खैर नाही, असेही त्यांनी त्या पत्रात लिहून ठेवले.

डेप्युटी कमिशनरचे पुढे काय झाले ते जाऊ द्या. मला कुतूहल आहे ते त्या तीस एकर जमिनीचे. तिचा इतिहास म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली नांगरट आहे.

बादशहा हुमायून १५५६ मध्ये गेला. त्याचा मकबरा पुढच्या दशकात अकबराच्या काळी बांधायला घेतला गेला. आराखडा इराणी वळणाच्या मीरक मिर्झा गियासचा. मधोमध इमारत, भोवती चारबाग. वाटा आणि पाट यांनी बागेचे चार भाग करायचे, त्यांचे पुन्हा लहान चौकोन पाडायचे आणि पाणी नुसत्या उतारावर खेळवायचे. बाग, हौद, गुलाब, जमीन हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि मराठी होऊन गेले. मोगल बागेत फळझाडे असत, फुले असत, सावली असे. आज आपण लॉन म्हणतो ती एकसारखी कापलेली हिरवळ मात्र तिथे नव्हती. गवत कापायचे यंत्रच मुळी १८३० मध्ये इंग्लंडात निघाले.

अशी बाग पोसायला खजिना लागतो. पुढे शहाजहानने ताजमहालाच्या देखभालीसाठी तीस गावांचा महसूल लावून दिला होता, तो याचसाठी. दिल्लीच्या तख्ताला उतरती कळा लागली आणि अठराव्या शतकात हुमायूनच्या आवारात वस्ती करून राहिलेल्या लोकांनी बागेत भाजीपाला लावला. इतिहासाच्या पुस्तकांत या गोष्टीची नोंद ऱ्हास म्हणून होते. मला तसे म्हणवत नाही. मालकाला पाणी देणे परवडेनासे झाले तेव्हा ज्यांनी त्या मातीला पाणी दिले, त्यांनी ती निदान जिवंत ठेवली. कर्झनसाहेबांचा सलगमवाला याच परंपरेतला!

१८५७ च्या सप्टेंबरात शेवटचा बादशहा बहादुरशाह जफर याच मकबऱ्याच्या आश्रयाला आला आणि इथूनच हॉडसनने त्याला कैद करून नेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६० मध्ये, बागेला इंग्रजी वळण देण्यात आले. चौकोनी हौदांच्या जागी फुलांचे गोल वाफे आले, झाडांची दाटी झाली. ज्याने तख्त घेतले त्याने हौदांचा आकारही बदलला. कर्झन यांनी हे गोल वाफे काढून जुनी आखणी परत आणायला घेतली. सलगम उपटले गेले आणि काम १९०९ पर्यंत चालले. ज्या साम्राज्याने बाग बिघडवली त्याच साम्राज्याच्या व्हाइसरॉयने ती दुरुस्त करायला घेतली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे.

मग १९४७ आले. पाकिस्तानला निघालेल्या किंवा घरातून उठवलेल्या हजारो मुसलमानांची छावणी पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा इथे पडली. चारबागेत तंबू उभे राहिले. पाट मोडले, गवत गेले, असे नुकसान नोंदले गेले आहे. त्या हिरवळीवर कितीजणांनी दिल्लीतली शेवटची रात्र काढली असेल, याची नोंद कुणी ठेवणार?

पुढे पुरातत्त्व खात्याने गवत राखले, पण पाट कोरडेच होते. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, १९९७ मध्ये, आगा खान ट्रस्टने ही बाग पुन्हा उभी करून देण्याचे कबूल केले आणि खात्याच्या बरोबरीने ते काम २००३ मध्ये पुरे केले. शतकानुशतके साचलेली सुमारे तीन हजार ट्रक माती काढावी लागली. तीसही एकरांची पातळी नव्याने काढून गवत लावले. आंबा, लिंबू, कडुनिंब, जास्वंद, मोगरा अशी अडीच हजारांहून जास्त झाडेझुडपे लावली. खरी परीक्षा होती ती पाटांची. पंपाच्या जोराशिवाय पाणी वाहायचे तर चाळीस मीटरला एक सेंटिमीटर उतार हवा, कमी नाही की जास्त नाही. पाणसळ हातात धरलेल्या कुठल्याही गवंड्याला विचारा, एवढा उतार साधणे म्हणजे काय ते! तो साधला आणि गप्प झालेली कारंजी पुन्हा उडू लागली. जुन्या विहिरींतला गाळ काढला, पावसाचे पाणी जिरवायला १२८ खड्डे केले.

आता थोडे गवताविषयी. तणाने भरलेली मोठी जमीन मुळापासून नवी करायची तर आपल्याकडची रीत शेतकऱ्याचीच. उन्हाळ्यात खोल खणायचे, ढेकळे उन्हात तापू द्यायची, लव्हाळ्याच्या गाठी वेचायच्या. मग पाणी सोडून उरलेले तण मुद्दाम उगवू द्यायचे आणि ते पुन्हा काढायचे. पातळी साधून झाली की पावसाच्या तोंडावर गवताचे ठोंब टोचायचे. आणि गवत कुठले? बहुतेक वेळा हरळी. जिच्यापायी आपला शेतकरी कपाळाला हात लावतो, तीच. तीच गणपतीला दूर्वा म्हणून चालते आणि लॉनमध्ये गेली की तिला माळी ठेवावा लागतो. तण कशाला म्हणायचे हे जमीन कुणाच्या ताब्यात आहे यावर ठरते. सलगमवाल्याच्या नजरेला कर्झनसाहेबांची हिरवळ हे तणच दिसले असणार.

मोगलांच्या वेळी नसलेले लॉन २००३ मध्ये पुन्हा का लावले, असे कुणी विचारील. शंका रास्त आहे. रोज येणाऱ्या माणसांची वर्दळ सोसायला हवी, आणि शंभर वर्षांत आपल्या डोळ्यांनाही गवताची सवय झालेली. पण या वेळी आंबा-लिंबू परत आले, हे मला मोठे वाटते. तेव्हा लावलेली ती रोपे आता वीस वर्षांच्या वर आहेत, आणि लव्हाळ्याच्या गाठी मातीत असतात तशा आहेतच. पावसाळा सरला की माळी खुरपे घेऊन उकिडवे बसतात आणि एकेक चौकोन पुन्हा वेचायला लागतात.