काळीची पांढरी

गांवगाड्याच्या भाषेंत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे दोन शब्द जोडीनें वावरतात. काळी म्हणजे पिकाऊ जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरीवर घरें बांधावीं, तिच्या मातीनें माळवदें घालावीं आणि पोटासाठीं काळींत उतरावें, असा हा जुना करार आहे. तो मोडलेला मीं प्रथम पाहिला तो माढें तालुक्यांतील आमच्या तात्यांच्या शेतांत. फाल्गुनाचे दिवस होते. ज्या पट्टींत एके काळीं पुरुषभर जोंधळा उभा राही, तेथें कोणीं पीठ सांडावें तसा पांढरा थर पसरला होता आणि चालतांना तो पायांखालीं पापडासारखा मोडत होता. तात्यांनीं चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकून टाकली आणि एवढेंच म्हणाले, “काळीची पांढरी झाली.”

इतिहासाच्या अध्यापकानें मातीविषयीं लिहावें हें कांहीं वाचकांस अस्थानीं वाटेल. परंतु हा थर निसर्गाच्या लहरीनें आलेला नाहीं. त्यास सनावळी आहे, कागदपत्रें आहेत, वेळेवर इशारा देणारीं माणसें आहेत, आणि तो इशारा ऐकूनही न ऐकल्यासारखें करणारींही आहेत.

माढें तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या पठारावर आहे. पाऊस वर्षास वीस-बावीस इंच, तोही बेभरंवशाचा. निंबाळकरांची गढी आणि माढेश्वरीचें देऊळ सोडलें तर प्रवाशानें मुद्दाम उतरावें असें तेथें फारसें कांहीं नाहीं. मुंबई-सोलापूर आगगाडींतून उघडे माळ आणि त्यांच्यामधले काळे सखल पट्टे तेवढे दिसतात. या काळ्या मातीचा गुण असा कीं भाद्रपद-आश्विनांत मुरलेली ओल ती माघापर्यंत पोटांत धरून ठेवते, आणि त्या ओलीवर एकही पाणी न देतां रब्बीची ज्वारी येते. शेजारच्या मोहोळच्या संशोधनकेंद्राचें नांव ज्या मालदांडी ज्वारीशीं जोडलें गेलें आहे, ती याच कोरड्या शेतीचें लेंकरूं.

कोरड्या मुलखाच्या या मातीला एक दुसरेंही अंग आहे, तें डोळ्यांस दिसत नाहीं. दख्खनचा काळा कातळ झिजतो तेव्हां त्यांतून चुना सुटतो, तसा सोडाही सुटतो. कोंकणांत शंभर इंच पाऊस पडतो आणि हे क्षार धुऊन समुद्रास नेतो. माढ्यास पडणारा पाऊस माती भिजवितो, पण तिच्या आरपार जात नाहीं. म्हणून चुन्याचे खडे चार-दोन हातांवर साठून राहतात, आणि त्यांच्या खालीं सोड्याचे क्षार निजलेले असतात. ओढ्याकांठच्या कांहीं खोलगट जागीं ते पूर्वींही वर येत. अशा जागा सर्वांस ठाऊक असत. परीट तेथून खारी माती नेत, धनगर मेंढरें बसवीत, आणि शहाणा कुणबी तेथें पाभर धरीत नसे.

क्षार कोठें साठतात हें पाहावयाचें असेल तर वऱ्हाडांत लोणारास जावें. तेथें सुमारें एक मैल व्यासाच्या खोल विवरांत एक तळें आहे. त्यांत झरे येतात, पावसाचें पाणी येतें. बाहेर जाण्यास मात्र वाट नाहीं. पाणी उन्हानें उडून जातें, क्षार मागें राहतात. पाण्याचा सामू दहाच्या आसपास जातो, म्हणजे साबणाच्या पाण्याच्या जवळपास. अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ मध्यें लोणारच्या क्षारांचा कांच आणि साबण यांसाठीं उपयोग होतो अशी नोंद केली आहे, आणि पुढेंही कित्येक पिढ्या उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं कांठचा क्षार खरवडून व्यापारी नेत. अमेरिकेंत युटा प्रांतीं हीच गोष्ट विराट प्रमाणावर घडली आहे. तेथील प्राचीन सरोवर हजारों वर्षांत आटत गेलें, आणि पाणी ज्या ज्या उंचीवर थबकलें तेथें डोंगरांच्या अंगावर पायऱ्या राहिल्या. गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञानें १८९० सालीं त्या सरोवरावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या तळाशीं आतां खारट सरोवर आणि मिठाचीं मैदानें उरलीं आहेत, आणि आसपासच्या कोरड्या कुरणांत खारवट जमिनीवर खारें सोसणारीं झुडपेंच काय तीं तग धरतात.

माढ्याचें पठार हें कोठल्याही सरोवराचा तळ नव्हे. परंतु ज्या शेतांत पाणी येतें आणि ज्यांतून तें जात नाहीं, तें शेत आणि लोणारचें तळें यांत क्षारांच्या दृष्टीनें भेद नाहीं. शेत पसरट आहे आणि त्याचें पाणी मातीखालीं दडलें आहे, इतकेंच.

आतां या मातीच्या दोन अवस्था सांगितल्या पाहिजेत. कारण त्यांची गल्लत करून आमच्याकडे पुष्कळांनीं नुकसान करून घेतलें आहे. पहिली खारवट. भूमिजल चार-पांच फुटांवर आलें कीं दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें तें मातींतून वर चढतें, पृष्ठावर उडून जातें आणि मीठ ठेवून जातें. अशी माती भुसभुशीत लागते, ओलीही असते, पण मिठामुळें मुळांना ती ओल ओढतां येत नाहीं आणि रोप पाण्यांत उभें राहून तहानेनें मरतें. दुसरी अवस्था चोपण. ती अधिक कपटी आहे. पावसानें वरचें मीठ धुतलें जातें, शेत पुन्हा काळें दिसूं लागतें, आणि शेतकरी सुटलों म्हणतो. परंतु चिकणमातीच्या कणांस जो सोडियम चिकटून बसला आहे तो साध्या पाण्यानें सुटत नाहीं. चुना धरलेले कण एकत्र येऊन रवा धरतात, त्यांच्या फटींतून हवा-पाणी खेळतें. सोडियम धरलेले कण एकमेकांपासून फुटून साऱ्या फटी बुजवून टाकतात. मग ती माती ओली असतां साबणासारखी निसरडी, वाळली असतां फरशीसारखी टणक. पाऊस पडून आठ दिवस झाले तरी वर डबकीं, आणि वीतभर खालीं खणावें तों कोरडें. कणांवरील सोडियमचा वांटा शेंकडा पंधरावर गेला व सामू साडेआठाच्या पुढें सरकला कीं जमीन चोपण धरावी, असें प्रमाण अमेरिकेच्या रिव्हरसाइड येथील क्षारसंशोधकांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केलें. आमच्या चिकण काळींत त्याच्या निम्म्यानेंही काम बिघडतें.

ही सारी रसायनविद्या विसाव्या शतकांतली. पण रोग त्याच्या फार आधींचा. हरयाणांत कर्नाळजवळ मुनक नांवाचें गांव पश्चिम यमुना कालव्यावर आहे. तेथील जमीनदारांनीं १८५५ सालीं, म्हणजे सत्तावन्नच्या बंडाच्या दोन वर्षें आधीं, सरकारकडे गाऱ्हाणें नेलें कीं कालवा आल्यापासून आमचीं शेतें पांढरीं पडूं लागलीं आहेत. पुढें अलीगडकडेही तोच ओरडा झाला, आणि १८७० नंतरच्या दशकांत ‘रेह’ म्हणजे या पांढऱ्या क्षाराच्या चौकशीसाठीं सरकारास समिती नेमावी लागली. १८७३ च्या उत्तर हिंदुस्थानच्या कायद्याच्या नांवांतच ‘कालवे आणि निचरा’ असे दोन शब्द जोडीनें आले. सहा वर्षांनीं मुंबई इलाख्याचा कायदा झाला, त्याच्या नांवांत मात्र एकटें सिंचन. नांवावरून कायदा जोखूं नये हें खरें. तथापि पुढच्या शंभर वर्षांत आमच्याकडे जें झालें तें पाहतां हा वगळलेला शब्द मला डोळ्यांत सलतो.

महाराष्ट्रांत या प्रकरणाचा आरंभ नीरेच्या खोऱ्यांत झाला. १८७६ च्या घोर दुष्काळानंतर सरकारनें कालव्यांचें मनावर घेतलें, आणि १८८५ सालीं नीरेचा डावा कालवा वाहूं लागला. जेथें माणसें आणि गुरें पाण्यावांचून मेलीं होतीं तेथें ऊंस उभा राहिला. पण विशी-पंचविशींतच बारामतीकडील कित्येक उत्तम जमिनी पाणथळ होऊन पांढऱ्या पडल्या. पुण्याच्या कृषि-महाविद्यालयाचे प्रमुख डॉ. हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं त्या खोऱ्याची पाहणी केली व १९१० सालीं ‘नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनी’ या विषयावर इंग्रजींत पुस्तिका काढली. हेच मॅनसाहेब पुढें पिंपळे सौदागर या खेड्याच्या पाहणीमुळें अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित झाले. त्यांचें हें मातीचें काम तितकें वाचलें जात नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे. त्यांतलें सार एवढेंच कीं, क्षार कोणीं बाहेरून आणून टाकले नाहींत. ते खालीं होतेच. कालव्याच्या झिरप्यानें आणि सढळ पाण्यानें भूमिजल वर आलें आणि त्यांना घेऊन आलें. १९१६ सालीं मुंबई सरकारनें पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठीं एक खास शाखा उघडली. खडकवासल्यास आज जलविज्ञानाची जी जगन्मान्य संस्था आहे तिचें मूळ या शाखेंत आहे. दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळ जमिनी हा तिच्या पहिल्या कामांपैकीं एक विषय होता, आणि क्लॉड इंग्लिससारख्या इंजिनियरांनीं त्यावर पुष्कळ वर्षें खर्चिलीं. त्या काळापासून ठरून गेलेली गोष्ट अशी: चर खणावा तो वरच्या काळ्या मातींत नव्हे, खालच्या मुरमापर्यंत, कारण पाणी वाहतें तें मुरमांतून.

म्हणजे रोग, त्याचें कारण आणि त्याचा उपाय या तिन्ही गोष्टी आमच्याकडे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लिहून ठेवलेल्या होत्या.

यानंतर माढ्याची पाळी आली. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं भोगला त्यांच्यापुढें कालव्याचे दोष सांगण्याची माझी छाती नाहीं. आमच्या घरांत त्या वर्षाची आठवण निघाली कीं आजी बोलणें बंद करून उठून जाई. माढें तालुक्यांतच उजनीपाशीं भीमेवर धरणाचें काम चालू होतें. तें १९८० सालीं पुरें झालें. यशवंतसागरांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. डाव्या कालव्याचें पाणी आमच्या शिवारांत पोंचलें तेव्हां मी शाळेंत होतों. बायकांनीं कालव्यास ओटी वाहिली, पोरांनीं कपड्यांसकट उड्या टाकल्या. पुढें भीमेचें पाणी बोगद्यानें सीनेंत गेलें, उपसा योजना झाल्या, आणि ज्या तालुक्यांत गूळ पाहुण्यापुरता निघे तेथें साखरेचीं पोतीं मोजूं लागले. पक्कीं घरें झालीं, मुलीं शिकल्या. मी स्वतः शिकलों तो या पाण्यावर. कालवा आणूं नये होता, असें म्हणणारा मनुष्य शहरांत पोट भरलेला असला पाहिजे.

परंतु पाण्याबरोबर एक हिशेबही आला होता, तो कोणीं मांडला नाहीं. समजा, एका एकर ऊंसास वर्षाला साठ इंच पाणी दिलें, आणि त्या पाण्याच्या एका लिटरांत तीन दशांश ग्राम क्षार विरघळलेले आहेत. असें पाणी पिण्यासही गोड लागतें. तरी वर्षाअखेर त्या एकरांत अठराशें किलोग्रामांहून अधिक क्षार येऊन पडतात. ऊंस त्यांतला थोडा नेतो, पाऊस थोडा खालीं ढकलतो. उरलेल्यास वाट हवी. वाट नसेल तर दहा वर्षांत अठरा टन होतात, आणि खालीं पूर्वींपासून निजलेला सोडा वेगळाच. कालव्याची लांबी, वितरिकांचें जाळें, भिजणारें क्षेत्र यांचे आंकडे उद्घाटनांच्या भाषणांतून मीं पुष्कळ ऐकले; चरांची लांबी एकदांही ऐकली नाहीं.

तात्यांनीं उपाय केले नाहींत असें नाहीं. कोणीं जिप्सम सांगितलें, त्यांनीं दोन वर्षें टाकलें. ताग गाडला, धैंचा गाडला, कारखान्याची मळी आणून पसरली. यांतलें एकही औषध खोटें नव्हे. जिप्समांतला चुना कणांवरचा सोडियम हुसकून लावतो. पण हुसकलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर जावयास हवा. दार बंद ठेवून केर काढावा तसें तें झालें. मीं एकदां सुटींत गेलों असतां पुस्तकी उत्साहानें त्यांना म्हटलें, “तात्या, मुरमापर्यंत चर कां काढीत नाहीं?”

ते हंसले. “चर मी काढीन रे बाबा. पन त्याचं पानी सोडू कुनाच्या रानांत?”

मॅनसाहेबांच्या पुस्तिकेनें माझ्या मनांतले जे प्रश्न सोडविले होते त्यांत हा नव्हता. तात्यांचें शेत ओढ्यापासून तीन शेतें दूर. पहिल्याची जमीन अजून काळीभोर. त्यानें तात्यांचें खारें पाणी आपल्या बांधांतून कां जाऊं द्यावें? दुसऱ्याचे भाऊ-भाऊ कोर्टांत. तिसरा पुण्यास नोकरीला, त्याचें शेत वांट्यानें. पाणी आणण्यासाठीं सरकारनें भूसंपादन केलें, मोजणी केली, नकाशे काढले, आणि पाटकरी नेमला. पाणी नेण्यासाठीं मात्र चार शेजाऱ्यांनीं एकमेकांच्या पायां पडावें अशी व्यवस्था राहिली. कृष्णाकांठीं सांगली-कोल्हापूरकडे कांहीं गांवांनीं एकत्र येऊन जमिनीखालीं सच्छिद्र नळ घातले आणि गेलेली जमीन परत मिळविली, हें मी जाणतों. त्यांस सारा गांव एका कागदावर आणावा लागला. हें काम दुष्काळांत खडी फोडण्याहून अवघड आहे. दुष्काळ सर्वांस एकाच दिवशीं गांठतो. पांढरी एकेकाच्या दारांत वेगवेगळ्या सालीं येते, आणि ज्याच्या दारांत ती अजून आली नाहीं त्यास ती शेजाऱ्याच्या आळसाचें फळ वाटते.

तात्या आतां नाहींत. त्यांच्या मुलानें मागल्या उन्हाळ्यांत यंत्र लावून चर काढला. चांगला मुरमापर्यंत, सात-आठ फूट खोल. दिवाळींत मी गेलों तेव्हां त्याच्या तळाशीं स्वच्छ दिसणारें पाणी उभें होतें. बोट बुडवून चाखलें, खारट होतें. चर बांधापर्यंत येऊन थांबला आहे. बांधापलीकडच्या शेतांत यंदा आडसाली ऊंस आहे, आणि त्याच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यांत खोलीभर जागेंत तो उगवलेला नाहीं.