काज-बटणांचा इतिहास

आपल्या समाजाचा इतिहास म्हटला की किल्ले, नवाब आणि शायर डोळ्यांपुढे येतात. आपल्या आई-खालांनी घरात बसून शिवलेली झबली, टोपडी आणि ईदचे कुर्ते त्या इतिहासात कुठेच नसतात. वास्तविक शिवणकाम आपल्याकडे कधीच हलके मानले गेले नाही. हजरत इद्रीस (अ.) यांनी सर्वप्रथम कपडा शिवला, अशी रिवायत आहे. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिंते जहश (र.) स्वतःच्या हाताने काम करीत आणि त्या मिळकतीतून सदका देत.

लहान मुलांच्या कपड्यांचे भारतातील एक मोठे केंद्र कोलकात्याचे मटियाबुर्ज आहे. फेब्रुवारी १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले आणि वाजिद अली शाह कोलकात्याला आले. १८८७ मध्ये त्यांचा इंतकाल मटियाबुर्जलाच झाला. तेथील शिवणकला नवाबाबरोबर आली, असे लोक अभिमानाने सांगतात. पण नवाबाचा दरबार संपला तरी धंदा टिकला. तो टिकवला 'ओस्तागर' म्हणजे उस्ताद कारागिरांनी. कटिंग ओस्तागराकडे होते, शिलाई कारागिराकडे. आणि काज-बटण, तुरपाई, टिकल्या लावणे, धागे कापणे हे काम घरोघरच्या बायकांकडे जाते. तयार माल हावड्याच्या मंगळाहाटात आणि पुढे मटियाबुर्जच्याच हाटांत विकला जाऊ लागला. हाटात नाव ओस्तागराचे चालते. बटण लावणारीचे नाव कोणालाच ठाऊक नसते.

मुलांचेच कपडे घरी का शिवले जातात? कापड थोडे लागते, कातरणही वापरता येते. माप थोडे सैल असले तरी चालते. मूल वर्षभरात वाढते, म्हणून गिऱ्हाईक परत येते. दुपारची भांडी आवरून, पाळणा हलवत हे काम होते. १८५१ मध्ये सिंगरने अमेरिकेत शिलाई यंत्राचे पेटंट घेतले आणि काही वर्षांतच हप्त्यांवर यंत्र विकायला सुरुवात केली. कोलकात्यात १९३० च्या दशकात 'उषा' यंत्र तयार होऊ लागले. हळूहळू यंत्र गरीब घरातही आले आणि अनेक विधवांचा, तलाकपीडितांचा आधार बनले.

पण यंत्र घरात आले म्हणून भाव ठरवण्याचा हक्क घरात आला नाही. अहमदाबादेत १९७२ साली इला भट्ट यांनी 'सेवा' संघटना नोंदवायला नेली, तेव्हा मालक नाही तर युनियन कसली, असा सरकारी आक्षेप आला. त्याच दशकात दर्यापूरच्या मुस्लिम बायका गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधडीच्या खोळी शिवत. त्यांनी मजुरी वाढवून मागितली आणि व्यापाऱ्यांनी कामच बंद केले. तेव्हा त्यांनी आपली 'सबीना' सहकारी संस्था काढली. चिंधी तीच, सुई तीच; फक्त विकणारा हात बदलला.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने हा प्रश्न आकड्यांत मांडला. काम करणाऱ्या मुस्लिम महिलांपैकी ७० टक्के घरातूनच काम करतात. सर्व समाज मिळून हे प्रमाण ५१ टक्के आहे. घरकामगारांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवावे, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ठराव १९९६ चा आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगार कायद्यात घरी काम करणाऱ्यांची व्याख्या आली खरी, पण व्याख्येने नगाचा भाव वाढत नाही.

आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक मुलांना वाजिद अली शाहची हकिकत शिकवतो. वर्गात मात्र अशा मुली बसलेल्या असतात, ज्या रात्री अम्मीबरोबर बटणे लावून सकाळी शाळेत येतात. 'बाप काय करतो' हा रकाना आपण भरून घेतो. आई 'घरीच असते' असे लिहून मोकळे होतो. या मुलींना एकदा दादी-नानीकडे पाठवू या, वही घेऊन. घरात पहिले यंत्र कधी आले? पैसे कोणी दिले? डझनाला काय मिळे? भाव कोण ठरवी? कोणत्या ईदला स्वतःच्या मुलांसाठी शिवायला वेळ मिळाला नाही?

या उत्तरांतून आपल्या मोहल्ल्याचा खरा इतिहास तयार होईल. आणि डझनाचा भाव वहीत लिहिता आलेली मुलगी उद्या तो व्यापाऱ्यालाही विचारील.