व्हॅटिकनमधील कडिश

७ एप्रिल १९९४ च्या संध्याकाळी व्हॅटिकनमधील पोप सहावे पॉल सभागृहात तीन खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. एकीवर पोप दुसरे जॉन पॉल बसले, एकीवर रोमचे प्रमुख रब्बी एलियो तोआफ आणि एकीवर इटलीचे राष्ट्राध्यक्ष ऑस्कर लुइजी स्काल्फारो. खुर्च्या तिन्ही सारख्या होत्या. आसन कोणते आणि ते कोठे, यालाच जेथे शतकानुशतके अर्थ आहे, तेथे ही गोष्ट क्षुल्लक नव्हती. व्यासपीठावर लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदापुढे उभे असलेले संचालक गिल्बर्ट लेव्हाइन हे १९४८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेले ज्यू होते. शोआ, म्हणजे युरोपातील ज्यूंचा नाझींनी केलेला संहार, याचे व्हॅटिकनने केलेले हे पहिले अधिकृत स्मरण.

रोमच्या ज्यूंना या जागेचा इतिहास कोणी शिकवावा लागत नव्हता. १५५५ साली एका पोपच्याच आज्ञेने ते टायबरकाठच्या कोंदट घेट्टोत कोंडले गेले आणि पोपांची ऐहिक सत्ता १८७० साली संपेपर्यंत ते बंधन कायमचे सुटले नाही. पुढे १६ ऑक्टोबर १९४३ रोजी जर्मन सैनिकांनी त्याच वस्तीला वेढा घातला. एक हजाराहून अधिक ज्यूंना ऑशविट्झला नेले, त्यांतली सोळा माणसे परत आली. त्यांना गाडीत चढवण्यापूर्वी ज्या इमारतीत डांबले होते, ती व्हॅटिकनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर होती. बाराव्या पायस यांनी त्या वेळी उघड निषेध केला नाही, याची चर्चा अजून मिटलेली नाही. योगायोग असा, की त्याच तारखेला पस्तीस वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९७८ रोजी, कारोल वोयतिवा हे पोलिश कार्डिनल पोप म्हणून निवडले गेले.

वोयतिवा आणि लेव्हाइन यांना जोडणारा दुवा क्राकू हे शहर. वाडोवित्से या त्याच परिसरातील गावी वोयतिवा वाढले. तेथे त्यांचे बालपणीचे सोबती ज्यू होते. पुढे ते क्राकूचे आर्चबिशप झाले. या शहरात युद्धापूर्वी साठ हजारांच्या आसपास ज्यू राहत. म्हणजे साधारण चार माणसांत एक. युद्धानंतर काजिमेझ ही त्यांची पुरातन वस्ती मालकांवाचून उरली. ऑशविट्झ तेथून गाडीने तासाभराच्या वाटेवर. अशा शहरातील फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या प्रमुखपदी १९८७ साली, कम्युनिस्ट राजवट असतानाच, एका अमेरिकनाची नेमणूक व्हावी हे नवल होते. तो ज्यू असावा हे त्याहून मोठे नवल. लेव्हाइन यांचे पूर्वज पोलंडमधूनच अमेरिकेस गेलेले. त्यांच्या सासूबाई ऑशविट्झमधून वाचलेल्या. जावयाने त्या मातीत जाऊन वाद्यवृंद चालवावा, ही गोष्ट त्या घराला सोपी गेली असेल असे समजण्याचे कारण नाही.

फेब्रुवारी १९८८ मध्ये पोपनी आपल्या जुन्या शहराच्या या नव्या संचालकाला भेटीस बोलावले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, पोपपदाच्या दहाव्या वर्षानिमित्त, लेव्हाइन यांनी व्हॅटिकनमध्ये पहिला कार्यक्रम केला. शोआच्या स्मरणाची कल्पनाही त्यांचीच. ३० डिसेंबर १९९३ रोजी व्हॅटिकन आणि इस्रायल यांच्यात मूलभूत करार झाला आणि राजनैतिक संबंधांची वाट मोकळी झाली. पुढच्या एप्रिलात, इस्रायलमध्ये पाळल्या जाणाऱ्या स्मरणदिनाच्या निमित्ताने, ही मैफल ठरली.

संगीत सर्वांना एक करते, हे वाक्य अशा प्रसंगी फार स्वस्त होते. ऑशविट्झमध्येही वाद्यवृंद होते. कैदी कामावर जाताना आणि परतताना ते वाजवले जात. गुस्ताव माहलर यांची भाची आल्मा रोजे बिर्केनाऊच्या स्त्री-वाद्यवृंदाची संचालिका होती आणि एप्रिल १९४४ मध्ये तिचा त्याच छावणीत अंत झाला. स्वर निष्पाप असतात, असे म्हणण्याची सोय या इतिहासाने ठेवलेली नाही. त्यामुळे काय वाजवायचे याला त्या संध्याकाळी विलक्षण महत्त्व होते.

निवड पाहिली की तिच्यामागचा विचार ध्यानात येतो. चेलोवादक लिन हॅरेल यांनी मॅक्स ब्रुख यांचे ‘कोल निद्रे’ वाजवले. ही योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या पूर्वसंध्येची धून. (कोकणातील बेने इस्रायली कुटुंबेही हा दिवस कडक उपवास करून, दारे लावून घेऊन पाळत.) ब्रुख स्वतः प्रोटेस्टंट ख्रिस्ती होते, पण ही रचना इतकी आतली वाटे की नाझींना त्यांच्या वंशाविषयीच संशय आला. त्यानंतरचे ब्याण्णवावे स्तोत्र शूबर्ट यांचे. कॅथलिक घरात जन्मलेल्या शूबर्टनी १८२८ साली, मृत्यूच्या वर्षी, व्हिएन्नाच्या सिनॅगॉगमधील गायक सालोमन सुल्झर यांच्यासाठी ते हिब्रू शब्दांतच बांधले. लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या ‘चिचेस्टर साम्स’चा प्रवास उलट दिशेचा: ज्यू संगीतकाराने १९६५ साली एका अँग्लिकन कॅथीड्रलसाठी रचलेली हिब्रू स्तोत्रे. म्हणजे दोन्ही बाजूंनी उंबरठा ओलांडून झालेल्या जुन्या येरझाऱ्याच लेव्हाइन यांनी एकत्र आणल्या. सेंट पीटरच्या बॅसिलिकेत सोळाव्या शतकापासून गाणाऱ्या ‘काप्पेला जूलिया’ या गायकवृंदाने त्या रात्री हिब्रूतून गायिले.

बेथोवेनच्या नवव्या सिंफनीतून केवळ संथ, तिसरा भाग घेतला होता. विश्वबंधुत्वाचे प्रसिद्ध समूहगान वगळणे हा उत्तम विवेक होय; त्या श्रोत्यांसमोर आनंदाचा जयघोष अश्लाघ्य ठरला असता. बर्नस्टाइन यांच्या तिसऱ्या सिंफनीतील कडिश अभिनेते रिचर्ड ड्रायफस यांनी म्हटला. कडिश ही मृतांसाठी म्हणायची प्रार्थना, पण तिच्यात मृत्यूचा उल्लेख नाही. आहे ती केवळ ईश्वराची स्तुती. बर्नस्टाइनचा निवेदक मात्र ईश्वराशी भांडतो. साठ लाखांच्या स्मृतीसाठी सहा मेणबत्त्या लावल्या गेल्या. छावण्यांतून वाचलेली माणसे सभागृहात होती; पोप त्यांना त्याच दिवशी भेटले होते.

या मैफलीने काय बदलले? जुलै १९९४ मध्ये, म्हणजे तीनच महिन्यांनी, युद्धकाळातील आपली लष्करी सेवा दडवणारे ऑस्ट्रियाचे माजी राष्ट्राध्यक्ष कुर्ट वाल्डहाइम यांना व्हॅटिकनने बहुमान दिला आणि ज्यू संघटना संतापल्या. लेव्हाइन यांनाही त्याच वर्षी सेंट ग्रेगरीच्या सन्मानमालेतील किताब मिळाला. एकाच दरबाराचे हे दोन बहुमान शेजारी ठेवून वाचावे लागतात. १९९८ साली शोआवरील व्हॅटिकनचे निवेदन आले, तेव्हा दोष चर्चच्या काही लेकरांवर ठेवून चर्चला स्वतःला मोकळे ठेवले, ही टीका झाली आणि ती निराधार नव्हती. बाराव्या पायस यांच्या काळची कागदपत्रे संशोधकांना खुली व्हायला मार्च २०२० उजाडावा लागला. वाद्यवृंद हे काम करू शकत नव्हता. क्षमा मागायची असेल तर ती शब्दांतच मागावी लागते, आणि मृतांच्या वतीने ती देण्याचा अधिकार सभागृहातील कोणालाच नव्हता. लेव्हाइन यांनी तसा आव आणला नाही, हे त्यांचे मोठेपण.

दहा वर्षांनी, १७ जानेवारी २००४ रोजी, त्याच सभागृहात त्यांनी पिट्सबर्ग सिंफनीकडून माहलरची दुसरी सिंफनी, ‘पुनरुत्थान’, वाजवून घेतली. या वेळी निमंत्रितांत रोमच्या मशिदीचे इमामही होते. इराकचे युद्ध सुरू होऊन वर्षही झाले नव्हते. पिट्सबर्ग, लंडन आणि क्राकू येथील गायकवृंदांबरोबर तुर्कस्तानातील अंकाराचा गायकवृंद उभा होता. आरंभी जॉन हार्बिसन यांची ‘अब्राहम’ ही या प्रसंगासाठी मागवलेली रचना झाली; तिन्ही धर्मांचा तो आदिपुरुष. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनीही १९९९ साली बुखेनवाल्ड छावणीनजीकच्या वायमार येथे इस्रायली व बव्हेरियन वादकांना एकत्र बसवून हीच सिंफनी सादर केली होती. तिची निवड अर्थातच सहज नव्हे. माहलर ज्यू, ही सिंफनी १८९५ साली पूर्ण स्वरूपात सादर झाली आणि १८९७ साली व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचे पद मिळावे म्हणून त्यांना कॅथलिक व्हावे लागले. शेवटच्या गानासाठी त्यांनी क्लॉपश्टॉक या ख्रिस्ती कवीच्या ओळी घेतल्या, पुढे स्वतःच्या जोडल्या. व्यासपीठामागे फाझ्झिनी यांचे येशूच्या पुनरुत्थानाचे प्रचंड ब्राँझशिल्प आहे. त्याच्यासमोर अंकाराचे गायक एका धर्मांतरित ज्यूचे पुनरुत्थान गात होते, आणि तो शब्द प्रत्येकाला आपापल्या ग्रंथातून ठाऊक होता.

दुसरे जॉन पॉल २ एप्रिल २००५ रोजी वारले. त्यांचे मृत्युपत्र प्रसिद्ध झाले तेव्हा असे आढळले, की हयात माणसांपैकी फार थोड्यांची आठवण त्यात विशेषत्वाने काढली आहे. त्यांतले एक त्यांचे अनेक वर्षांचे सचिव. दुसरे रोमचे रब्बी.