संवाद सहायक

आमच्या ओसरीच्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर सिमेंटचा एक वाटोळा डाग आहे. तो जोडदगड, भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधणारा. गवंड्यानं पहारीनं भिंतीला आरपार भोक पाडलं, वाकवलेली सळई घातली, काँक्रीट ठासलं आणि मी आठ-दहा दिवस त्यावर पाणी मारलं. आपल्याकडची जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड असते, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती नि चिपा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारीकडच्या भिंती अशाच फाकल्या आणि माळवदाची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. गणपती बोळवून लोक नुकते निजले होते.

52 गावं नव्या जागी वसवायची ठरली. पेपरांत त्यांचंच येई. पण जी घरं पडली नव्हती, नुसती तडकली होती, ती लाखांवर होती. घरमालकानं दुरुस्ती स्वतः करून घ्यायची, सरकारनं मदत हप्त्यानं द्यायची, असं ठरलं. मग समजावणार कोण? तेव्हा गावोगावच्या बाया ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या, हजारावर गावांत. औसा तालुक्यातल्या माझ्या गावची मी.

ही वाट प्रेमा गोपालन यांनी आणली. 1984 मध्ये मुंबईत ‘स्पार्क’ ही संस्था उभी करणाऱ्यांत त्या होत्या. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बाया तिथं स्वतःच बचत चालवत, घराचा हिशेब मांडत. पुढारी बाहेरून आणायचा नसतो, हे प्रेमाताईंना तिथं दिसलं असावं. आमच्याकडे त्यांनी तेच केलं.

तोवर मी पारावर कधी चढले नव्हते. साहेब आले की ‘मालक कुठंय?’ विचारत आणि मी आत जाई. शिबिरातून मोजायची टेप घेऊन आले, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, “सूनबाई, तू गवंड्याला शिकवणार?” मी शिकवलं नाही. जोडदगडाच्या भोकात काडी घातली, ती अर्ध्यात अडली. म्हटलं, “दादा, आरपार गेलं नाही.” त्यांनी निमूट पुन्हा पहार उचलली. त्या दिवसापासून गावानं मला नावानं हाक मारली.

पुढं 1998 मध्ये प्रेमाताईंची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ स्वतंत्र संस्था झाली. 2001 च्या भूकंपानंतर आपल्याकडच्या बाया गुजरातला गेल्या. गुजराती येत नव्हती, पण तडकलेली भिंत वाचता येत होती. त्सुनामीनंतर तमिळनाडूतही काम झालं. मग आपल्याकडे दुष्काळ आला. घरच्यांकडून एक एकर मागून घ्यायचं, त्यात डाळी, भाजी, घरापुरतं धान्य लावायचं, हा पुढचा धडा. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच वर्षी संस्थेला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. मार्च 2022 मध्ये प्रेमाताई गेल्या.

भूकंपाच्या इतिहासात अधिकारी येतात, अभियंते येतात, देणगीदार येतात. टेप धरणाऱ्या बाईचं नाव क्वचित. माझ्या पत्र्याच्या पेटीत त्या वर्षांची वही आहे: कोणाची भिंत, किती जोडदगड, कोणता हप्ता थकला. अशा वह्या लातूर-धाराशिवच्या कितीतरी घरांत असतील. बायांनो, त्या रद्दीत देऊ नका.