सारा, पावती आणि दाद



दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारे रयतेस खुली केली आणि विठू महाराने बेदरच्या दरबारी रक्कम भरून त्यांची सुटका केली. भाविकांना या कथेत देव दिसतो. मला त्याबरोबर विठूने बेदरहून आणलेली पावतीही दिसते. आकारणी कोणी करावी आणि ती अमान्य असल्यास दाद कोठे मागावी, हा आपल्या सीमाभागाचा फार जुना प्रश्न आहे.

बहमनी वजीर महमूद गावान याने पंधराव्या शतकात जमिनीच्या मोजणीचा आणि सीमानिश्चितीचा उपक्रम हाती घेतला. मोजणीचे मोल असे की आकडा ठरला म्हणजेच त्याच्याशी भांडता येते. अंदाजाशी कोण भांडणार? परंतु दैवदुर्विलास पाहा. परंपरा सांगते की शत्रूंनी कोऱ्या कागदावर गावानची मोहर मिळविली आणि तिच्यावर राजद्रोहाचा मजकूर लिहिला. सुलतानाने चौकशी न करता १४८१ मध्ये त्याचा वध करविला. मोहर खरी, मजकूर खोटा. आणि ऐकून घेणारा कोणी नाही.

निजामी अमलात पूर्वी तालुकदार हे वसुलीचे मक्तेदार असत. जो वसूल करी त्याच्याचविरुद्ध त्याच्याकडेच फिर्याद कशी न्यावी? पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून पगारी अधिकारी नेमले. तहसीलदारावर तालुकदार आला, म्हणजे एका दारी नकार मिळाल्यास ठोठावण्यास दुसरे दार झाले. अपिलाचे मर्म एवढेच आहे. मात्र दरबारची भाषा आधी फारसी व नंतर उर्दू राहिली. अर्ज लिहून घेण्यासाठी कुणब्याला दुसऱ्याची लेखणी शोधावीच लागे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा मराठी मुलखाकडे गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. राज्यभाषा कन्नड झाली. त्यात गैर काही नाही. राज्याचा कारभार राज्याच्या भाषेत चालणारच.

येथे घरची एक गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांना एकदा घरपट्टीची नोटीस आली. कडब्याची झोपडी तीत पक्की खोली म्हणून धरली होती. वडिलांना मोडी सुरेख येई, कन्नड अक्षर येत नव्हते. नेहमीचेच बिल समजून त्यांनी पोच सही केली आणि कागद पेटीत ठेवला. हरकतीची मुदत उलटल्यावर तो कोणीतरी वाचून दाखविला. पुढे कित्येक वर्षे त्यांनी त्या झोपडीचा कर मुकाट्याने भरला. मी मराठीचा प्राध्यापक, घरात पुस्तकांचा ढीग. पण तो एक कागद मलाही वाचता आला नव्हता. त्यानंतर चाळिसाव्या वर्षी मी कन्नड बाराखडी गिरविली.

पूर्वी नगरपालिका आकारणीची यादी प्रसिद्ध करून हरकती ऐके. या शतकाच्या आरंभापासून कर्नाटकातील शहरांत स्वयंआकारणी आली : मालकानेच क्षेत्रफळ, बांधकाम व वापर सांगून हिशेब मांडावयाचा, कर भरावयाचा, पालिका नंतर पडताळणी करणार. म्हणजे चूक करणारा हातही आता बहुधा आपलाच असतो. म्हणून उतारा आणि जुन्या पावत्या जपाव्यात, नोटिशीवर मिळाल्याची तारीख लिहावी, हरकत मुदतीत व लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तोंडी तक्रार कार्यालयाच्या पायरीवरच विरते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. भारतीय संविधानाच्या ३५० व्या कलमान्वये, राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकास आहे. तेव्हा दाद मराठीत मागता येते. पण ज्या कागदाविरुद्ध ती मागावयाची तो आधी वाचता आला पाहिजे, आणि तो कन्नडमध्ये येतो.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, मराठी जपा आणि कन्नड मन लावून शिका. आज घरी गेल्यावर आजोबांची पेटी उघडा आणि शेवटची नोटीस त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मुदत कदाचित अजून शिल्लक असेल.