तोंडल्याचा परदेशप्रवास

तोंडलीभात आपल्या सर्वांच्या आवडीचा, पण या वेलीचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. संस्कृत कवींनी लाल ओठांना ज्याची उपमा दिली, ते बिंबफळ म्हणजे पिकलेलं तोंडलंच! रानात, कुंपणांवर ही वेल तणावे टाकत चढते. फुलं पांढरी, नराची वेल वेगळी, मादीची वेगळी. जमिनीखाली जाड कंदमूळ असतं, त्यामुळे वरून कापली तरी ती पुन्हा फुटते.

१६८८ मध्ये डच अधिकारी व्हान ऱ्हीडच्या 'होर्टुस मलबारिकुस'च्या आठव्या खंडात तिचं चित्र छापलं गेलं. १७६७ मध्ये लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिलं.

पुढे भाजी म्हणून ती हवाई बेटांवर पोचली. तिला खाणारे किडे मात्र मायदेशीच राहिले. पक्ष्यांनी बिया पसरवल्या आणि झाडं, कुंपणं, विजेच्या तारा तिच्याखाली झाकून गेल्या. अखेर आफ्रिकेतून तिचे शत्रू आणावे लागले : १९९६ मध्ये खोड पोखरणारा पतंग, १९९९ मध्ये पानं खाणारा भुंगा. हवाईत आज ती घातक तण गणली जाते.

तेव्हा मंडळी, तोंडली खुशाल खा. पण परसात वेल लावण्याआधी तिथले नियम जरूर बघा.