पनवेलमधील राजकीय कल व मतदान

पनवेल हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील शहर व तालुक्याचे मुख्यालय आहे. भारतीय शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) बालेकिल्ला म्हणून हा भाग अनेक दशके ओळखला जात होता. २००९ नंतर येथील मतदानाचा कल प्रथम काँग्रेसकडे आणि २०१४ पासून भारतीय जनता पक्षाकडे झुकला. शेतजमिनीचे संपादन, नवी मुंबईचा विस्तार आणि मतदारांच्या रचनेतील बदल ही या स्थित्यंतराची प्रमुख कारणे मानली जातात.

पार्श्वभूमी

१९४७ मध्ये स्थापन झालेल्या शेकापला तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील आगरी, कोळी व कुणबी समाजांत मोठा पाठिंबा मिळाला. पक्षाचे नेते दि. बा. पाटील पनवेलमधून पाच वेळा विधानसभेवर निवडून गेले. १९७७ व १९८४ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवरही गेले.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित करण्याचे ठरले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. या लढ्यातून पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न तेव्हापासून येथील प्रत्येक निवडणुकीत चर्चेत राहिला आहे.

विधानसभा निवडणुका

शेकापचे विवेक पाटील १९९५, १९९९ व २००४ मध्ये पनवेलमधून निवडून आले. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत उरण हा स्वतंत्र मतदारसंघ अस्तित्वात आला आणि २००९ मध्ये विवेक पाटील तेथून विजयी झाले. पनवेलमधील त्यानंतरचे निकाल पुढीलप्रमाणे आहेत.

* २००९ : प्रशांत ठाकूर (काँग्रेस) विजयी, शेकापचे बाळाराम पाटील पराभूत, मताधिक्य सुमारे १३ हजार.
* २०१४ : प्रशांत ठाकूर (भाजप) विजयी, बाळाराम पाटील पराभूत, मताधिक्य सुमारे १३ हजार.
* २०१९ : प्रशांत ठाकूर (भाजप) विजयी, शेकापचे हरेश केणी पराभूत, मताधिक्य सुमारे ९२ हजार.
* २०२४ : प्रशांत ठाकूर (भाजप) विजयी, बाळाराम पाटील पराभूत, मताधिक्य सुमारे ५१ हजार.

ठाकूर यांचे वडील रामशेठ ठाकूर १९९८ व १९९९ मध्ये शेकापतर्फे कुलाब्याचे खासदार होते. त्यामुळे पनवेलमधील सत्तांतर हे केवळ पक्षांमधील नव्हे, तर जुन्या शेकाप परिवारातील फुटीचेही द्योतक ठरले. प्रशांत ठाकूर यांनी २०१४ मध्ये शीव–पनवेल महामार्गावरील खारघर टोलच्या प्रश्नावर काँग्रेस सोडली.

२०२४ मध्ये महाविकास आघाडीतील शेकाप आणि शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) या दोन्ही पक्षांनी स्वतंत्र उमेदवार दिले. भाजपविरोधी मते विभागली गेली. तथापि दोघांच्या मतांची बेरीजही विजयी उमेदवाराच्या मतांपेक्षा कमी होती.

लोकसभा निवडणुका

२००८ च्या पुनर्रचनेनंतर पनवेल हा मावळ लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे. या मतदारसंघात रायगड जिल्ह्यातील पनवेल, कर्जत व उरण आणि पुणे जिल्ह्यातील मावळ, चिंचवड व पिंपरी यांचा समावेश होतो. २००९ मध्ये येथून शिवसेनेचे गजानन बाबर आणि २०१४, २०१९ व २०२४ मध्ये श्रीरंग बारणे विजयी झाले. घाटाच्या दोन्ही बाजूंचे मतदार एकत्र आल्याने रायगडातील शेकापचे संसदीय महत्त्व कमी झाले.

महानगरपालिका

पनवेल नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, तळोजा आणि आसपासची गावे समाविष्ट करून रायगड जिल्ह्यातील पहिली महानगरपालिका अस्तित्वात आली. मे २०१७ च्या पहिल्या निवडणुकीत ७८ पैकी भाजपला ५१, शेकापला २३, तर काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेसला प्रत्येकी २ जागा मिळाल्या. शिवसेनेला एकही जागा मिळाली नाही. डॉ. कविता चौतमोल पहिल्या महापौर झाल्या. २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर प्रशासक नेमण्यात आला.

मतदारांची रचना

हार्बर रेल्वेमार्ग, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि सिडकोच्या वसाहती यांमुळे राज्याच्या व देशाच्या विविध भागांतून नोकरदार कुटुंबे येथे स्थायिक झाली. २०२४ मध्ये मतदारसंघात सुमारे साडेसहा लाख मतदार होते. मतदारसंख्येनुसार तो राज्यातील सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी एक आहे. मतदानाची टक्केवारी मात्र राज्याच्या सरासरीपेक्षा कमी राहते. सर्वसाधारणपणे ग्रामीण पट्ट्यात शेकापचा, तर वसाहतींत भाजपचा प्रभाव अधिक आढळतो.

प्रमुख मुद्दे

सिडको वसाहतींत महानगरपालिकेने स्थापनेपासून पूर्वलक्षी पद्धतीने आकारलेला मालमत्ता कर हा वादाचा विषय ठरला. सिडकोला सेवाशुल्क दिले असताना हा दुहेरी भार असल्याचा रहिवाशांचा आक्षेप होता. पाणीटंचाई आणि २०२१ मध्ये परवाना रद्द झालेल्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेतील ठेवीदारांचा प्रश्न हेही मुद्दे प्रचारात आले. २०२१ मध्ये नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव देण्यासाठी भूमिपुत्रांचे सर्वपक्षीय आंदोलन झाले. पक्षनिष्ठा बदलली तरी जमिनीच्या लढ्याची स्मृती येथील राजकारणात टिकून असल्याचे त्यातून दिसून आले.